उन्हाळी टायर आणि हिवाळी घाट

मराठी माणसाला घाट नवा नाही. खंडाळा, कुंभार्ली, वरंध, आंबोली ही नावे आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांची घ्यावीत तशी घेतो. दरड कोसळणे, धुक्यात पुढच्या गाडीचा तांबडा दिवा शोधीत जाणे, पहिल्या पावसात डांबरावर तेलाचा तवंग येऊन रस्ता निसरडा होणे, हे सर्व आपल्या पाठच्या पिढ्यांनीही सोसले आहे. घाटमाथ्यावरच्या देवाला नारळ वाढवायचा आणि गाडी उताराला लावायची, इतका साधा हिशेब. पण या सगळ्या घाटांत एक गोष्ट आपण न बोलता गृहीत धरलेली असते. ती ही की, ब्रेक दाबला म्हणजे गाडी थांबते. दोन हात पुढे जाऊन थांबेल, कुरकुरत थांबेल, पण थांबेल. हिमालयात हिवाळ्याच्या दिवसांत नेमके हेच गृहीत आपल्या पायाखालून, किंवा खरे म्हणजे चाकाखालून, निघून जाते.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीच्या अखेरीस आम्ही मनालीला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, सौ., बहात्तर वर्षांची आई आणि इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला गेल्यापासून जगातील यच्चयावत यंत्रांविषयी अधिकारवाणीने बोलू लागलेले आमचे चिरंजीव. कुमारसंभवाचा पहिला सर्ग वर्गात शिकलेल्या आणि पुढे त्याचे दाखले देत हिंडणाऱ्या माणसाने हिमालय केवळ चित्रांत पाहिलेला असावा, हे सौ.ला फार दिवस खटकत होते. शिवाय आईला "बर्फ पडताना" पाहायचा होता. पडलेला नव्हे, पडताना. या बारीक भेदाने पुढे आमची बरीच परीक्षा पाहिली.

मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंच. तिथून बियास नदीच्या काठाकाठाने नेहरू कुंड, पलचान, सोलंग असे करीत रस्ता धुंदीपर्यंत चढतो आणि तिथे अटल बोगद्याच्या तोंडात शिरतो. हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. लांबी ९.०२ किलोमीटर आणि दोन्ही तोंडे ३,००० मीटरहून अधिक उंचीवर. पलीकडे लाहौल, चंद्रा नदीचे खोरे. बोगदा होण्यापूर्वी लाहौलला जायचे तर ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे, आणि हिवाळ्यात ती खिंड बंद झाली की लाहौलची माणसे जवळजवळ सहा महिने उर्वरित जगापासून तुटत. अडलेल्या बाळंतिणीला वा आजाऱ्याला हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागे. बोगद्याने त्यांच्यावर केलेले उपकार शब्दांत सांगता येणार नाहीत.

पण प्रत्येक वाट दोन्ही बाजूंनी चालते. पूर्वी तो बर्फ खिंडीच्या पलीकडे आपल्या जागी सुरक्षित होता आणि आपणही त्याच्यापासून सुरक्षित होतो. आता दिल्ली, चंडीगड, अंबाला इथून निघालेली घरगुती मोटार, मुलांना मागच्या बाकावर घेऊन, रात्रभराच्या प्रवासानंतर दहा हजार फुटांवरच्या बर्फात जाऊन उभी राहते. तिच्या टपावर महिनाभर कपाटात पडून राहिलेल्या स्वेटरांच्या बॅगा असतात आणि तिच्या चाकांना असतात मैदानातल्या उन्हाळ्यासाठी आणि पावसासाठी केलेले टायर. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक सर्व गाड्यांचे टायर याच जातीचे. दुसरी एखादी जात असते, हेही आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. मलाही ते कळले, ते आमच्या भाच्यामुळे.

हा भाचा जर्मनीत स्टुटगार्टला असतो. तिकडे हिवाळ्यासाठी टायरांचा निराळा संच ठेवतात. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर, आणि ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत उन्हाळी, असा तिथल्या घराघरांतला ठोकताळा. आपल्याकडे दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतात, त्याच सुमारास तिकडे गाडीचे पाय बदलतात! काढलेले टायर ठेवायला घरी जागा नसेल तर ते भाड्याने सांभाळणारी गोदामे आहेत. त्यांना चक्क "टायरांचे हॉटेल" म्हणतात. २०१० साली जर्मनीने कायदाच कडक केला: रस्त्यावर बर्फ किंवा हिम असेल तर हिवाळी टायर हवेतच. आणि ऑक्टोबर २०२४ पासून तर डोंगराच्या तीन शिखरांत हिमफूल असे चिन्ह टायरच्या कडेवर उमटवलेले नसेल, तर तो हिवाळी टायर म्हणून मानीतच नाहीत. इतके असूनही भाच्याने एका एप्रिलमध्ये, नुकतेच टायर बदलून घेतल्यावर, आल्प्समधल्या एका घाटात बर्फ गाठला आणि रात्रभर एका खेड्यात मुक्काम ठोकला. "मामा, गाडी तीच, रस्ता तोच, मीही तोच," तो फोनवर म्हणाला होता, "फक्त रबर निराळे होते."

रबर निराळे म्हणजे काय, हे मी चिरंजीवांकडून समजावून घेतले. (प्राध्यापकाला मुलाकडून धडा घेताना जे वाटते, ते मी येथे लिहीत नाही.) गाडी कितीही मोठी असो; तिचा प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेत. चार चाकांचे चार तळहात. तेवढ्यावर हजार-बाराशे किलोचा संसार उभा असतो. उन्हाळी टायरचे रबर तापल्या डांबरावर झिजू नये, म्हणून घट्ट केलेले असते. थंडी वाढत गेली की ते कडक होऊ लागते. सात अंश सेल्सिअस ही त्याची साधारण सीमा. थंडीत चामड्याची वहाण कशी लाकडासारखी वाजते, तसे. कडक रबर रस्त्याच्या खाचाखोचांत रुतत नाही, नुसते वरून फिरते. हिवाळी टायरचे रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहील, असे बेतलेले असते. शिवाय त्याच्या अंगावर शेकडो बारीक चिरा पाडलेल्या असतात. चाक फिरताना त्या उघडतात, त्यांत बर्फ दाबून बसतो, आणि मग हा टायरमधला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. लाडू वळताना सुटा रवा जसा रव्याला धरतो, तशातलाच हा प्रकार. हे काही कालचे संशोधन नाही. फिनलंडमध्ये १९३४ साली ट्रकसाठी आणि १९३६ साली मोटारींसाठी असा टायर तयार झाला होता. चाकांना साखळ्या बांधण्याची युक्ती तर त्याहूनही जुनी. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील हॅरी वीड नावाच्या गृहस्थांनी १९०४ सालीच तिचे पेटंट घेतले. चिखलात रुतलेल्या चाकांना लोक दोर गुंडाळीत, त्यावरून त्यांना हे सुचले, असे सांगतात.

आता थोडे गणित. गणिताचे नाव काढताच पान उलटणाऱ्या वाचकांपैकीच मी एक आहे. पण हे गणित ऐकून माझी झोप उडाली, म्हणून देतो. कोरड्या डांबरावर ताशी तीस किलोमीटरने चाललेली गाडी ब्रेक दाबल्यावर साधारण पाच मीटरांत थांबते. ओल्या, गुळगुळीत बर्फाच्या थरावर तीच गाडी, त्याच वेगाने, पस्तीस मीटर जाते. हे झाले सपाटीवर. उतार दहात एक असा असेल, म्हणजे दहा मीटर चालल्यावर एक मीटर खाली उतरणारा, तर तसल्या बर्फाची सगळी पकड त्या उताराला तोलण्यातच संपते. मग गाडी किती मीटरांत थांबेल? चिरंजीवांनी वहीवर भागाकार मांडला. भाजकाच्या जागी शून्य आले. "थांबणारच नाही," ते म्हणाले, आणि त्या दिवशी प्रथमच त्यांचा आवाज अधिकारवाणीचा वाटला नाही.

फोर-व्हील ड्राइव्हच्या गाड्यांचा या बाबतीत मोठा लौकिक आहे. बर्फ पडला की मनालीचे पोलीस नाक्यावर त्यांनाच किंवा चेन लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात, हे योग्यच आहे. चढावर चारही चाकांना जोर मिळाला की गाडी अडकत नाही. पण ब्रेक तर बिचाऱ्या लहान गाडीलाही चारही चाकांना असतात. थांबण्याच्या कामी मोठ्या गाडीजवळ अधिक काय असते? तेच चार तळहात आणि तेच उन्हाळी रबर. वर चढण्याचे सामर्थ्य विकत मिळते. त्या भरवशावर माणूस अशा ठिकाणी जाऊन पोहोचतो की जिथून खाली येण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी नसते.

आमची गाडी मात्र लहानशी होती; मनालीच्या टॅक्सी-स्टँडवर डझनांनी दिसतात त्यांपैकी एक. चालक चाळिशीचे, कुल्लूकडचे, डोक्याला रंगीत पट्टीची कुल्लू टोपी. आम्ही त्यांना भाईजी म्हणू लागलो आणि ते आईला माताजी. निघण्यापूर्वी त्यांनी गाडीची डिकी उघडून दाखवली: लोखंडी चेनची एक जोडी, एक फावडे, मातीने भरलेले पोते, जुने घोंगडे. "सामान कहाँ रखेंगे?" असे सौ.ने विचारल्यावर ते म्हणाले, "यही तो सामान है."

सिस्सूला ऊन होते. धबधबा कड्यावरच गोठलेला, चंद्रा नदी काठांशी पांढरी आणि मध्ये निळी. आई खुर्चीवर बसून चहा पीत होती आणि बर्फ पडत नाही म्हणून थोडी रुसलीही होती. भाईजींनी दोनपासून घड्याळ दाखवायला सुरुवात केली. दुपारच्या उन्हाने रस्त्यावरचा बर्फ वरवर वितळतो, गाड्यांच्या चाकांनी त्याचे पाणी सर्वत्र पसरते, आणि सूर्य डोंगराआड गेला की ते पाणी काचेसारखे गोठते. त्यातून डांबराचा काळा रंग दिसतो, म्हणून त्याला काळा बर्फ म्हणतात. पांढरा बर्फ निदान दिसतो तरी. काळा बर्फ आपल्याला कोरडा रस्ता वाटतो. अडीचला आम्ही निघालो. परंतु परतीच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि बोगद्यात शिरायलाच चार वाजून गेले.

बोगद्यात नऊ किलोमीटर उबदार, पिवळा उजेड. पीर पंजालच्या रांगेच्या दोन्ही बाजूंचे हवामान एकमेकांना विचारून चालत नाही, हे आम्हांस दुसऱ्या तोंडाशी कळले. अलीकडे आभाळ निळे होते. पलीकडे बाहेर पडलो तो कापूस पिंजल्यासारखा बर्फ कोसळत होता. "अगं बाई, पडतोय की!" आई म्हणाली. तिच्या आनंदात सहभागी व्हायला गाडीत कोणीच मोकळे नव्हते.

भाईजींनी सपाट जागा पाहून गाडी उभी केली आणि बर्फात गुडघे टेकून पुढच्या दोन्ही चाकांना चेन चढवली. पाऊण तास नव्हे, दहा मिनिटांत. तिची किल्ली बसवताना त्यांची बोटे निळी पडली होती. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून ती इंजिनाच्या जोरावरच खाली सोडू लागले. ब्रेकला पाय नाही. वेग माणसाच्या चालीचा. पुढच्या गाडीपासून अंतर इतके ठेवलेले की मागचे लोक संतापून हॉर्न वाजवीत. एका मोठ्या, उंच, नव्या कोऱ्या गाडीने आम्हांला ओलांडलेच. पुढच्या वळणावर तिचे ब्रेकचे दिवे लागले आणि लागलेलेच राहिले. गाडी मात्र चालत राहिली, आडवी होत होत, अगदी सावकाश, एखाद्या लग्नाच्या वरातीच्या गतीने. डोंगराकडच्या बर्फाच्या ढिगात ती जाऊन रुतली, दरीकडे नाही, हे तिच्यातल्या पाच माणसांचे दैव. त्यांत एक तान्हे मूल होते.

रस्ता बंद झाला. आमच्या पुढे दहा-बारा गाड्या, मागे न मोजता येण्याइतक्या. अंधार पडत होता आणि आईच्या रक्तदाबाच्या रात्रीच्या गोळ्या हॉटेलात होत्या. सौ.ने हीटर चालू ठेवायला सांगितले. भाईजींनी इंजिन बंद केले. प्रथम मला तो पेट्रोलचा कंजूषपणा वाटला आणि मी तसे विचारलेही. त्यांनी उत्तर न देता खाली उतरून गाडीच्या मागे फावड्याने बर्फ उपसला. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजत आले होते.

पाकिस्तानातील मरी हे आपल्या लोणावळ्यासारखे थंड हवेचे ठिकाण. जानेवारी २०२२ मध्ये तिथे बर्फ पाहायला गेलेल्या हजारो मोटारी रात्री रस्त्यातच अडकल्या आणि वीसहून अधिक माणसे गाडीत बसल्याबसल्या गेली. त्यांत मुलेबाळेही होती. निव्वळ थंडीने नव्हे. इंजिन चालू, काचा बंद, धुराड्यावर बर्फ, आणि आत कार्बन मोनॉक्साइड, असा कित्येकांच्या बाबतीत संशय होता. त्या वायूला वास नसतो. माणसाला नुसती झोप येते. भाईजींना रासायनिक नाव ठाऊक नव्हते. "गॅस सुला देती है," एवढेच ते म्हणाले. दर वेळी बर्फ उपसायचा, दहा मिनिटे इंजिन चालवायचे, वाऱ्याच्या उलट बाजूची काच दोन बोटे खाली ठेवायची, मग इंजिन बंद. असे त्यांनी दीड तास केले. मधून जाऊन त्या रुतलेल्या गाडीचे सायलेन्सरही मोकळे करून आले. तान्ह्या मुलाच्या आईला त्यांनी डिकीतले घोंगडे दिले.

साडेसहाच्या सुमारास खालून माती टाकणारी गाडी येत असल्याचा निरोप आला. पण ती येईल तो आमच्या पुढचा एक तीव्र उतार तसाच पार करावा लागणार होता, कारण वरच्या गाड्या थोड्या खाली घेतल्याशिवाय वाट मोकळी होईना. तेव्हा भाईजींनी सांगितले ते स्पष्ट सांगितले. गाडी ते एकटे नेतील. आम्ही चौघांनी उतरून चालायचे, डोंगराच्या बाजूने, आणि गाडीच्या मागून. पुढे कोणी जायचे नाही. बर्फावर जायबंदी होणारे पुष्कळ जण गाडीत नसतात. घसरत्या गाडीला हाताने थोपवू पाहणारे किंवा तिच्या खालच्या अंगाला उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या" करणारे असतात.

"आणि तुम्ही?" आईने मराठीतच विचारले. त्यांना ते कळले. दरवाजा अर्धा उघडा ठेवून, कमरेचा पट्टा न लावता ते बसणार होते. "फिसली तो मैं कूद जाऊँगा, माताजी. गाडी का बीमा है." विमा होता हे खरे असेलही. पण त्या गाडीवर कर्जाचे हप्ते चालू होते, हे त्यांनी सकाळीच बोलता बोलता आम्हांला सांगितले होते.

आईच्या पायांत रबरी तळव्याचे बूट. दोन पावले टाकली आणि ती सौ.च्या अंगावर कलंडली. तेवढ्यात भाईजींनी खिडकीतून हाक मारली: मोजे बुटांवरून घाला. आम्ही एकमेकांकडे पाहिले. पण लोकरीच्या मोज्यांची जादा जोडी पिशवीत होती, ती चढवली, आणि आई खरोखरच चालू लागली! पुढे वाचनात आले की न्यूझीलंडमधील ड्युनेडिन या चढउतारांच्या शहरात हाच प्रयोग रीतसर माणसे चालवून केला गेला आहे. बुटांवरून घातलेल्या मोज्यांनी घसरणे कमी होते, असे त्यातून निघाले, आणि त्या संशोधकांना २०१० साली विनोदी संशोधनासाठी दिले जाणारे इग्नोबेल पारितोषिक मिळाले. युरोपात तर मोटारीच्या चाकांना घालायचे कापडी मोजेही विकत मिळतात. आम्हांला त्या रात्री विनोद मुळीच वाटला नाही.

उतार दीडशे-दोनशे पावलांचा असेल. खाली भाईजींची गाडी चेनचा खुळखुळाट करीत इंचाइंचाने चाललेली. एकदा तिची शेपटी सुटली. पुढची चाके चेनने धरून ठेवली होती. मागच्या चाकांना ते नागवे उन्हाळी टायर, ती दरीच्या अंगाला सरकली. दरवाजा पूर्ण उघडला. एक पाय बाहेर आला. आईने माझा दंड घट्ट धरला आणि कसलेसे स्तोत्र पुटपुटू लागली. तो पाय बराच वेळ, निदान मला तरी बराच वेळ वाटला, अधांतरी राहिला आणि पुन्हा आत गेला. त्यांनी ब्रेक दाबला नव्हता. चाक हलक्या हाताने घसरणीच्याच दिशेला वळवून, गाडीला आपली आपण सरळ होऊ दिले होते.

खाली सपाटीवर माती टाकणारे लोक भेटले. रात्री सव्वादहाला आम्ही मनालीत पोहोचलो. आईने गोळी घेतली आणि बर्फ पाहून झाला असे जाहीर केले. मागच्या गाड्यांतील माणसांना पोलीस मध्यरात्रीपर्यंत खाली आणीत होते. त्यांचे हे काम आता दर हिवाळ्याचेच झाले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या आठवड्यात सोलंग ते बोगदा या पट्ट्यात अशाच शेकडो मोटारी अडकल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतीलच.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी-स्टँडवर गेलो तो भाईजी चेन धुऊन उन्हात वाळत घालीत होते. एक कुटुंब सिस्सूला जाण्यासाठी त्यांच्याशी घासाघीस करीत होते; दर दीडपटीवर गेला तरी ते मानेनेच नको म्हणत होते. काल रात्रीचे पाणी अजून काचच आहे, दुपारी पाहू. कुटुंब शेजारच्या गाडीत बसून निघून गेले. मी त्यांना भाच्याने सांगितलेल्या हिवाळी टायरांविषयी विचारले. त्यांना सर्व माहीत होते. एका परदेशी प्रवाशाने फोटो दाखवले होते. पण ते टायर इथे सहज मिळत नाहीत, आणि मिळाले तरी दोन संच घेणार कोण? शिवाय ते मऊ रबर मे महिन्यात चंडीगडच्या तापल्या सडकेवर महिनाभरात झिजून जाईल. आणि मे-जूनच्या भाड्यांवरच तर वर्ष निघते.

त्यांनी बोलता बोलता मागच्या टायरच्या खाचेत नखाने माती खरवडून किती खोली उरली आहे ते पाहिले, आणि स्टेपनीचा टायर पुढे घालून पुढचा मागे घ्यावा की काय, याचा विचार करीत उभे राहिले.